उतारा झाकून पाहा

वाचन-आकलनाच्या परीक्षांत शब्दार्थाचा प्रश्न हमखास असतो. उताऱ्यातील एका शब्दाखाली रेघ, खाली चार पर्याय, आणि 'येथे या शब्दाचा अर्थ कोणता?' अशी विचारणा. अमेरिकेतील एसएटी किंवा परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेली टोफेल या परीक्षांभोवती अशा प्रश्नांच्या युक्त्या सांगणाऱ्या पुस्तकांचे आणि शिकवण्यांचे मोठे पीक आले आहे. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करून घेतानाही त्याच युक्त्या कामी येतात. त्या सरसकट टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांत दोन निराळ्या जाती आहेत आणि दोन्ही एकाच दावणीला बांधल्या जातात, ही आमची तक्रार आहे.

पहिल्या जातीतील युक्ती अशी: पर्यायांवर हात ठेवा, वाक्य पुन्हा वाचा, त्या जागी स्वतःचा शब्द घालून पाहा, आणि मगच पर्याय उघडा. एक वाक्य घेऊ. 'विहिरीला पाणी लागेपर्यंत जरा कळ काढ, असे आजोबा म्हणाले.' पर्याय: खोडी काढणे, धीर धरणे, दुखणे, बटण दाबणे. चारही अर्थ 'कळ' या शब्दाशी नाते सांगतात. जी मुले आधी पर्याय वाचतात त्यांना 'खोडी काढणे' चटकन पटते, कारण 'त्याची कळ काढू नकोस' हे त्यांनी अनेकदा ऐकलेले असते. आधी वाक्य वाचणाऱ्याला मात्र 'थांब जरा' असे आपसूक सुचते. हे नुसते गुण मिळवणे नव्हे, हे वाचनच आहे. एसएटीतून १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे आणि २००५ मध्ये शब्दजोड्यांच्या साधर्म्याचे प्रश्न गेले, आणि शब्द त्या जागी काय सांगतो यावर भर आला. हा बदल आम्हाला योग्य वाटतो.

मात्र या युक्तीची मर्यादा सांगितली जात नाही. संदर्भ हा माहीत असलेल्या अर्थांतून एक निवडायला मदत करतो. मुळीच माहीत नसलेला अर्थ तो क्वचितच हाती देतो. 'आजीने फडताळातून डबा काढला.' फडताळ न पाहिलेल्या मुलाला यातून काय कळणार? पिशवी, माळा, खोका, काहीही चालेल. शॅट्झ आणि बाल्डविन यांनी १९८६ मध्ये पुस्तकांतील स्वाभाविक परिच्छेद घेऊन हे तपासले. कमी वापरातील शब्दांच्या बाबतीत, संदर्भ मिळालेले विद्यार्थी नुसता शब्द मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. 'संदर्भावरून अर्थ लावा' असे आपण वर्गात किती सहज म्हणतो!

दुसऱ्या जातीतील युक्त्या उताऱ्याकडे पाहतच नाहीत. टोकाचा पर्याय खोडा. दोन पर्याय परस्परविरोधी असतील तर उत्तर त्यांतच शोधा. सर्वांत ओळखीचा अर्थ हा सापळा समजा. हे प्रश्न काढणाऱ्याच्या मनाचे वाचन झाले. त्यामागे साधे गणित आहे. २०१६ पर्यंत एसएटीत पाच पर्याय असत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जाई. आंधळेपणाने ठोकल्यास सरासरी प्राप्ती शून्य. पण एक पर्याय खोडता आला की ती एक सोळांश गुण होते. आता चार पर्याय आहेत आणि कपात नाही, म्हणजे दोन खोडले की पदरात सरासरी अर्धा गुण.

यातून काय साधते याचा सर्वांत बोलका पुरावा १९९७ चा आहे. लँडॉवर आणि ड्युमे यांनी एका संगणक-प्रणालीला सुमारे ४६ लाख शब्दांचा विश्वकोशातील मजकूर दिला. कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीत येतो, एवढाच हिशेब तिने ठेवला. मग टोफेलमधील समानार्थी शब्दांचे ८० प्रश्न तिच्यापुढे ठेवले. तिची ६४.४ टक्के उत्तरे बरोबर आली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या अर्जदारांची सरासरी होती ६४.५ टक्के. या प्रणालीने ना फडताळ पाहिले होते, ना कळ सोसली होती. (शब्दाची संगत ओळखणे हेही ज्ञानच, असा युक्तिवाद करता येईल, आम्ही तो निम्मा मान्य करतो.)

नुकसान होते ते ज्याच्या घरी पुस्तकी शब्द कमी कानावर पडतात त्या मुलाचे. खोडाखोडीने त्याचे गुण वाढतात, शब्द अनोळखीच राहतो, आणि गुणपत्रिका पाहून शिक्षक निर्धास्त होतात.

दोष नेहमी मुलाचा किंवा शिकवणीचा असतो असे नाही. प्रश्नच कच्चा असू शकतो. एसएटीचे आकलनाचे प्रश्न उताऱ्याशिवाय देऊन पाहिले, तेव्हाही विद्यार्थ्यांनी नुसत्या अंदाजापेक्षा स्पष्टपणे अधिक उत्तरे बरोबर दिली होती. कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९० चा. आपल्या शाळेतही हे करून पाहता येईल. एकाच इयत्तेच्या चाळीस-चाळीस मुलांच्या दोन तुकड्या घ्या. एकीला उताऱ्यासह प्रश्न द्या, दुसरीला उतारा झाकून नुसता शब्द आणि पर्याय. चिठ्ठ्या टाकल्यासारखी उत्तरे आली तर दुसऱ्या तुकडीत दहाच्या आसपास, साधारण सात ते तेरा, बरोबर निघतील. वीस निघाली तर त्या प्रश्नाला उताऱ्याची फारशी गरजच नाही. एक तर शब्द मुलांना आधीच माहीत आहे किंवा पर्यायांतूनच उत्तर फुटते आहे. 'कळ'सारख्या प्रश्नात आकडा दहाच्याही खाली जाण्याचा संभव आहे, कारण 'खोडी' मुलांना ओढून घेईल. असा प्रश्न ठेवावा. मात्र दोन तुकड्यांच्या तासांमध्ये मधली सुट्टी येऊ देऊ नये, नाहीतर उतारा तोंडोतोंडी पोचतो आणि प्रयोग वाया जातो.