खोलीचे भाडे आणि चोरलेली जात

बाबूराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. १९६३ साली याच नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि दलित कथेला तिचा खरा आवाज सापडला, असे आपण गेली कित्येक वर्षे म्हणत आलो आहोत. ते खोटे नाही. परंतु या कथेवरची जी समीक्षा मी विद्यार्थी म्हणून वाचली आणि पुढे प्राध्यापक म्हणून वर्गात सांगत राहिलो, तिचा सगळा भर नायकाच्या मनावर असतो. नायकाचे अंतर्द्वंद्व, त्याचा न्यूनगंड, त्याची अपराधी जाणीव. 'चोरली' हे क्रियापद समीक्षकांना फार आवडते, कारण ते नायकाला थेट नीतीच्या पिंजऱ्यात उभे करते. त्याने जात लपवायला हवी होती की नको? तो भित्रा होता की अगतिक? हा खटला चालवण्यात दोन-तीन पिढ्या गेल्या. चोरी करण्याची वेळ ज्या व्यवहारात आली तो व्यवहार मात्र कोणी नीट तपासत नाही. तो व्यवहार होता भाड्याच्या खोलीचा.

हे मला माझ्या बुद्धीने सुचले नाही. मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. सकाळी सातचा तास असतो. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला ही कथा शिकवत होतो आणि नायकाच्या दुभंगलेल्या मनावर बऱ्यापैकी रंगात येऊन बोलत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्यानं डिपॉझिट किती भरलं असेल?" वर्ग हसला. मीही हसलो, हे इथे नोंदवले पाहिजे. ही मुलगी कांजूरमार्ग पूर्वेला राहते, दुपारपासून रात्री दहापर्यंत एका गोडाऊनमध्ये पार्सल पॅक करते आणि सकाळी सातला वर्गात येते. हसणे थांबल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आमचं दोनदा गेलंय, सर. घरमालकीणबाईंनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, महिना संपायच्या आत खोली खाली करा म्हणाल्या. वर रंगाचे पैसे कापले. आता आई फोटो कपाटाच्या दाराला आतून लावते."

तास संपल्यावर मी ती कथा पुन्हा वाचली.

नायक रेल्वेत नोकरीला लागला आहे. गुजरातेत उधन्याला आला आहे. परके गाव, परकी भाषा, आणि रात्री पाठ टेकायला जागा पाहिजे. नोकरी सरकारी आहे, संविधान आहे, कायद्याने अस्पृश्यता संपली आहे. तरीही खोली देणारा जात विचारतो. इथे बागुलांनी जे केले आहे ते फार बारकाईने पाहिले पाहिजे. नायक दुसरी जात सांगत नाही. तो खोटे बोलतच नाही. तो उसळतो, आपण मुंबईचे आहोत हे छाती काढून सांगतो, नव्या भारताची भाषा बोलतो आणि विचारणाराच वरमतो. समीक्षकांना यात आत्मवंचना दिसते. मला आता यात सौदा दिसतो. त्याच्या खिशात त्या घडीला दुसरे काय होते? पगार महिन्याच्या शेवटी होणार. ओळखदेख नाही. जातीचे नाव सांगितले तर असलेली नोकरीसुद्धा राहील की नाही याची खात्री नाही, कारण छप्पर नसलेला माणूस पाळीवर हजर कसा होणार? मुंबईच्या कामगाराचा जो ताठपणा त्याने मिळवला होता, तोच त्याने अनामत म्हणून मोजला.

आणि ती अनामत सावकारी कर्जासारखी वाढत जाते. त्याच्या कवितेवर लुब्ध झालेला सवर्ण सहकारी माया करू लागतो आणि प्रत्येक जिव्हाळ्यागणिक लपवण्याचे व्याज चढते. शेवटी मार बसतो तेव्हा वसुली होते. ही कथा मनाची आहे हे खरे, पण ते मन भाडेकरूचे आहे.

आपले काही डावे मित्र इथे खूष होतील. ते म्हणतील, आम्ही हेच सांगत होतो. आर्थिक पाया बदला, वागणे आपोआप बदलेल. त्यांना मी बडोद्याची आठवण करून देतो. १९१७ साली डॉ. आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे ती नोकरी करणे त्यांना भाग होते. त्या शहरात त्यांच्याइतके शिकलेले किती जण असतील? पण राहायला जागा नाही. अखेर पारशी पथिकाश्रमात पारशी नाव धारण करून ते उतरले, रोजचा दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. हिंदू मित्राकडे सोय झाली नाही, ख्रिस्ती मित्राकडे झाली नाही, आणि त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. हे सर्व त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. त्यांच्याजवळ पैसा होता, पदवी होती, हुद्दा होता. दीड रुपया खोटा नव्हता. फक्त तो त्यांच्या हातात असताना चालत नव्हता. परिस्थिती माणसाची निवड घडवते असे आपण सहज म्हणतो, तेव्हा परिस्थिती म्हणजे दारिद्र्य एवढेच आपल्या मनात असते. आपल्या देशात रुपयालाही आडनाव असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. ज्याला हे ठाऊक आहे त्याने अर्जावर आडनाव आखडते घेतले तर आपण त्याला काय म्हणणार? चोर?

माझी आई पवईच्या एका वसाहतीत धुणीभांडी करायची. कांजूरमार्गहून चालत जायची, कारण बसचे पैसे वाचत. तीन घरे होती, दर घरी महिना दीडशे रुपये. ती गावाच्या नावावरून आडनाव सांगायची, पाटणकर. ते खोटे नव्हते, आम्ही पाटण तालुक्यातलेच. चौदा एप्रिलला ती सुट्टी घ्यायची नाही. पोट दुखते म्हणून तेरालाच घ्यायची, म्हणजे कोणाला तारीख जुळवता येऊ नये. मी बारावीत असताना या गोष्टीवरून तिच्याशी कडाक्याचे भांडलो होतो. मी तेव्हा नुकताच 'गोलपिठा' वाचला होता आणि माझ्या अंगात विद्रोह संचारला होता. ती म्हणाली, "तुझी फी कोण भरतंय रं?" माझा विद्रोह तिच्या पाटणकर आडनावावर शिकत होता, हे समजायला मला पुढे दहा वर्षे लागली.

पण म्हणून सगळा दोष परिस्थितीवर ढकलून मोकळे व्हावे, असेही मला वाटत नाही. अलीकडे आपल्या लेखनात ही एक सोयीची पळवाट तयार झाली आहे. पात्र दारू पितो, बायकोला मारतो, भाऊबंदांना फसवतो, आणि लेखक म्हणतो, व्यवस्थेने केले. असे म्हटले की पात्र उरत नाही, व्यवस्थेचा बाहुला उरतो. ज्या समाजाने आपल्याला माणूस मानले नाही त्याच्याच सुरात आपणही मग आपल्या माणसाची इच्छाशक्ती नाकारतो.

बागुलांनी ही चूक केलेली नाही. त्यांनी त्याच कथेत काशिनाथ ठेवला आहे. तोही महारच, तोही रेल्वेच्याच कामावर. तो जात लपवत नाही. चाकू बाळगतो, भांडतो, आणि शेवटी मार खाणाऱ्या नायकाला तोच वाचवतो. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, डिपॉझिटमुळं लपवली म्हणता, तर मग काशिनाथला खोली नको होती का?" प्रश्न बिनतोड आहे. त्या दिवशी मी घड्याळाकडे पाहून सुटका करून घेतली.

आज माझे अर्धे उत्तर असे आहे. काशिनाथ अर्थव्यवहाराच्या बाहेर नाही. त्याने किंमत रोजच्या रोज, रोखीने चुकवायचे ठरवले आहे. नायकाने ती उधारीवर टाकली आहे. दोघांसमोर रस्ते दोनच होते आणि ते त्यांनी आखलेले नव्हते. पण कोणी कोणता धरला, हे पगाराच्या कागदावरून कळत नाही. उरलेले अर्धे उत्तर बागुलही देत नाहीत. काशिनाथ कुठे राहतो, काय खातो, त्याच्यामागे घरी कोण आहे, हा हिशेब कथेत फारसा मांडलेला नाही. नायकाची घुसमट जितक्या जवळून दिसते तितका काशिनाथ दिसत नाही. तो विजेसारखा चमकून जातो. कथेची ही मला जाणवलेली मोकळी जागा आहे, आणि आपल्या समीक्षेने नेमकी तीच जागा नमुना म्हणून उचलली. काशिनाथ झाला विद्रोही नायक, आणि भाडेकरू झाला लाजिरवाणा. मग काशिनाथच्या आवाजात शेकडो कविता आल्या. भाडेकरूचा हिशेब लिहायला कोणी बसेना.

तो हिशेब आत्मकथनांनी लिहिला. 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे म्हणजे केवळ निवेदनाची युक्ती आहे असे मी मानत नाही. पांढरपेशा नोकरीतल्या माणसाला आपल्याच गावच्या नावाशी बोलायला मध्ये एक माणूस लागतो, हे त्यातले दुःख आहे. पण या बाबतीत स्त्रिया पुरुषांच्या फार पुढे गेल्या. बेबीताई कांबळे यांनी फलटणला छोटेसे दुकान चालवत 'जिणं आमुचं' लिहिले आणि ते लिखाण सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. बागुलांचा नायक मालकापासून जात लपवतो. बेबीताई घरातल्या माणसापासून वही लपवतात. त्या काशिनाथही आहेत आणि भाडेकरूही. ज्या हातांनी लपवले त्याच हातांनी लिहिले. लपवणे म्हणजे भित्रेपणा, हे समीकरण इथे साफ मोडते. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये वडील मुलांना शिकवण्याची इच्छा मागे ठेवून जातात, आणि ती इच्छा आई बांबूची आयदाने विणून पुरी करते. मुलीने शाळेत टिकून राहणे ही तिची 'निवड' म्हणायची, तर ती निवड त्या विणकामाच्या पैशावर उभी आहे. पुस्तकाचे नावच बाईंनी हिशेबातून घेतले.

या पुस्तकांना 'समाजशास्त्रीय दस्तऐवज' म्हणून बाजूला ठेवण्याची प्रस्थापित समीक्षेची जुनी सवय आहे. त्यात दर आणि दाम येतात, मजुरी येते, म्हणून कला कमी. मी उलट म्हणतो. पात्र असे का वागले हे ज्या लेखकाला दामाशिवाय सांगता येते, त्याच्या पात्रांना बहुधा कधी दाम मोजावे लागलेले नसतात.

हे सारे १९६३ चे झाले, आता दिवस बदलले, असे कोणी म्हणेल. दिवस बदलले आहेत. कांजूरमार्ग पूर्वेला क्रॉम्प्टन ग्रीव्हजचा कारखाना होता, त्या जमिनीवर आज टॉवर उभे आहेत. कारखान्यातल्या नोकरीत निदान युनियनचे कार्ड आणि महिन्याचा पगार होता. मुलांच्या वाट्याला गोडाऊन आणि गाडीवरची पार्सले आली. पूर्वेला हमरस्त्यापलीकडे डंपिंग ग्राउंड आहे आणि वारा फिरला की वास घरात येतो. या दोन्हींच्या मध्ये अकरा महिन्यांच्या कराराने माणसे राहतात. दलाल हल्ली जात विचारत नाही. तो पूर्ण नाव विचारतो, आणि मग घरी मासमच्छी होते का, हे विचारतो.

याच स्थानकावर उतरून रिक्षाने पवईच्या आय. आय. टी. ला जातात. देशातली हुशार मुले तिथे येतात. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या अठरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. घरच्यांनी जातीय भेदभावाचा आरोप केला. संस्थेच्या समितीला थेट भेदभावाचा पुरावा आढळला नाही. त्या तपशिलात मी शिरत नाही. पण त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढली की, कोणी कोणाला प्रवेशाचा प्रवर्ग विचारू नये, आणि प्रवेशपरीक्षेतला क्रमांकही विचारू नये. क्रमांक का नको? कारण क्रमांकावरून प्रवर्ग ओळखता येतो. म्हणजे आता जात विचारायला जातीचे नावही लागत नाही, एक आकडा पुरतो. सूचना चांगली आहे, मी तिचे स्वागतच करतो. तरी प्रश्न उरतो की ज्याचा क्रमांक विचारला जातो तो मुलगा काय करतो. तो एक तर खोटा आकडा सांगतो किंवा विषय बदलतो किंवा काशिनाथसारखा सांगून टाकतो आणि पुढची चार वर्षे निस्तरतो. बागुलांची कथा त्या वसतिगृहात जशीच्या तशी चालू आहे.

त्या मुलीविषयी सांगायचे राहिले. सत्र परीक्षेत मी याच कथेवर प्रश्न काढला होता: नायकाच्या अंतर्द्वंद्वाचे स्वरूप स्पष्ट करा, दहा गुण. तिने अंतर्द्वंद्वावर चार ओळी लिहिल्या आणि मग दीड पान खोलीवर. नव्या गावात पहिला पगार होईपर्यंत माणूस काय खाईल, खोली गेली तर सामान कुठे ठेवील, अनामत परत मिळेल का, आणि अशा माणसाला 'माझी जात अमुक' हे वाक्य किती रुपयांना पडेल. शुद्धलेखनाच्या चुका होत्या. माझ्याच हाताने तयार केलेल्या नमुना उत्तरात न्यूनगंड, अपराधभाव, आत्मशोध असे मुद्दे होते आणि प्रत्येकाला दोन गुण. मी त्या पानावरून बोट फिरवत मुद्दे शोधत गेलो, आणि साडेचार गुण देऊन पुढची उत्तरपत्रिका घेतली. निकाल लागून गेला आहे. गुण आता बदलता येत नाहीत.