वस्तू, दर्शन आणि औचित्य : कामविषयक साधनांच्या उघड्या मांडणीची चिकित्सा

१

प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामजीवनात उपयोगी पडणारी साधने सुपरमार्केटमध्ये, तेल-साबणाच्या शेजारी, सर्वांस दिसतील अशा रीतीने मांडावीत की नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी शिष्टाचाराचा वाटतो. अभ्यासाचा वाटत नाही. त्यामुळे त्यावर जे बोलले जाते ते बहुधा दोन टोकांचे असते. एक पक्ष संस्कृतीची साक्ष काढतो, दुसरा व्यक्तिस्वातंत्र्याची. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात : वस्तू अश्लील आहे की नाही हे ठरले, म्हणजे तिच्या मांडणीचा प्रश्न आपोआप सुटतो. हे गृहीतकच तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वस्तूचे स्वरूप, वस्तूची विक्री आणि वस्तूचे दर्शन या तीन वेगळ्या गोष्टी होत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच या वादास आजचे निष्फळ रूप आले आहे, असे आमचे मत आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी या वस्तूंचे दोन वर्ग करावयास हवेत. संततिनियमन व रोगप्रतिबंध यांसाठी वापरली जाणारी साधने हा पहिला वर्ग. केवळ सुखासाठी वापरली जाणारी साधने हा दुसरा. पहिला वर्ग आपल्या समाजाने, कुरकुरत का होईना, स्वीकारला आहे. दुसऱ्याचे नावही घेतले जात नाही. हा भेद कोठून आला, हे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

२

महाराष्ट्रात या विषयाचा आरंभ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासून धरावा लागतो. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२३ मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले आणि १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. या कार्यापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड टळला नाही. या दुसऱ्या खटल्याचा विषय लक्षणीय आहे. वाचकांनी विचारलेले लैंगिक प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे यांवर आक्षेप होता. माणसे या गोष्टी करतात याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्यांविषयी छापील पानावर, चारचौघांच्या देखत विचारले जाते, ही तक्रार होती. आक्षेप दर्शनाला होता.

कर्व्यांची भूमिका केवळ संततिनियमनापुरती नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. कामसुख हे स्वतःच एक मूल्य आहे आणि त्यावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते मानीत. त्यांच्या मृत्यूनंतर समाजाने त्यांच्या विचाराचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध सोडून दिला. तो कसा सोडला, याचे उत्तर ‘निरोध’च्या इतिहासात मिळते.

१९६८ मध्ये भारत सरकारने ‘निरोध’ची अल्प किमतीत विक्री सुरू केली. १५ पैशांना ३ हा त्याचा भाव होता. त्याच्या वितरणासाठी चहा, साबण, सिगारेट व विजेरीचे सेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेचा उपयोग करण्यात आला. ज्या वाटेने चहाची पुडी खेड्यात गेली, त्याच वाटेने ही वस्तूही गेली. म्हणजे किराणा दुकानाच्या फळीवर अशा वस्तूने असावे की नाही, हा प्रश्न तात्त्विक पातळीवर आपण अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वीच सोडविला आहे! परंतु तो सोडविला राज्याच्या प्रयोजनाने. लोकसंख्येला आळा हे त्या वस्तूचे समर्थन होते. विकत घेणाऱ्याचे सुख अथवा त्याची प्रतिष्ठा हे नव्हते. नावही त्यास साजेसेच निवडले गेले. पतंजलीने योगाच्या व्याख्येत योजिलेला हा संयमवाचक शब्द या साधनास मिळाला, आणि पाहता पाहता मराठीत ते सामान्यनाम झाले. वस्तू सुखाच्या प्रसंगीची, नाव मात्र आवरण्याचे. या विसंगतीत आपल्या समाजाची तडजोड पुरेपूर उतरली आहे. दुसऱ्या वर्गाच्या वस्तूंना असे कोणतेही राष्ट्रीय प्रयोजन पुढे करता येत नाही. म्हणून त्या बाहेर राहिल्या.

३

अश्लीलतेची आपल्याकडील सर्वांत काटेकोर चिकित्सा कायद्याच्या पुस्तकात नसून काव्यशास्त्रात आहे. वामन, मम्मट इत्यादी आलंकारिकांनी अश्लीलत्व हा दोष मानून त्याचे तीन प्रकार केले : व्रीडा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल सूचित करणारे. पुढे जाऊन मम्मटाने असेही म्हटले की, हा दोष नित्य नाही. प्रणयाच्या गोष्टींत किंवा वैराग्याच्या उपदेशात तेच अश्लीलत्व गुण ठरू शकते. क्षेमेंद्राने तर औचित्य हेच काव्याचे जीवित मानले. या विचारातून आपल्या प्रश्नाला दोन उपयुक्त निकष मिळतात.

पहिला असा की, फळीवरील वस्तू पाहून मनात नेमके काय उमटते ते विचारावे. बंद, साध्या वेष्टनातील वस्तूने जुगुप्सा वाटावी असे तिच्यात काही नसते. अमंगलाचाही संबंध नाही. उरते ती व्रीडा, म्हणजे लाज. परंतु लाज वस्तूत राहत नाही. ती पाहणारा, वस्तू आणि त्या क्षणी आपल्याला पाहणारा तिसरा माणूस, या तिघांच्या संबंधात उत्पन्न होते. एकटा माणूस त्याच फळीपुढे लाजत नाही. दुसरा निकष असा की, दोष जर अनित्य असेल, तर वस्तूवर सरसकट शिक्का मारण्यात अर्थ नाही. स्थळ, रीत आणि श्रोता यांचे औचित्य पाहिले पाहिजे.

आपला कायदा मात्र या विवेकापासून दूर राहिला. भारतीय दंड संहितेच्या २९२ व्या कलमाने अश्लील वस्तूची विक्री आणि तिचे जाहीर प्रदर्शन एकाच वाक्यात गोवले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमानेही तीच रचना पुढे चालविली. अश्लीलतेची कसोटी काळानुसार बदलली आहे, हे खरे. १९६४ च्या रणजित उदेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कसोटी मान्य केली होती. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात तिचा त्याग करून समकालीन समाजाच्या मानदंडांची कसोटी स्वीकारली. पण दोन्ही कसोट्या मुख्यतः चित्रांच्या आणि शब्दांच्या संदर्भात घडल्या. जी वस्तू काहीच चित्रित करीत नाही, काहीच सांगत नाही, केवळ वापरली जाते, तिला त्या कशा लावाव्यात?

हा पेच मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला. परदेशातून आलेली अंगमर्दनाची यंत्रे कामसाधने म्हणून वापरली जाऊ शकतात, या कारणावरून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ती जप्त केली होती. १९६४ च्या अधिसूचनेनुसार अश्लील पुस्तके, चित्रे व तत्सम वस्तूंची आयात निषिद्ध आहे, हा त्यांचा आधार होता. न्यायाधिकरणाने ही जप्ती रद्द केली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. यंत्राचा असा उपयोग ही अधिकाऱ्याची कल्पना होय, असे मत दिले. निर्णय न्याय्यच आहे. तथापि समीक्षकाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही : वस्तू सुटली ती ‘ती तशी नाहीच’ या युक्तिवादावर. ती तशी असती तर काय, हा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहिला. याउलट २०११ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने कामविषयाशी संबंध आहे एवढ्यावरून वस्तू अश्लील ठरत नाही, अशी अधिक सरळ भूमिका घेतली होती.

टोपणनावाने मिळालेली मुभा फार पुढे जात नाही, हे गोव्यात दिसून आले. कळंगुट येथे २०२१ च्या फेब्रुवारीत अशा वस्तूंचे एक दुकान उघडपणे सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात बंद पडले. ग्रामपंचायतीकडे तक्रारी गेल्या आणि व्यापार-परवान्याचे कारण पुढे आले. वस्तू अश्लील आहेत असे कोणत्याही न्यायालयास ठरवावे लागले नाही. पाटी दिसली एवढे पुरे झाले.

४

आता विरोधी पक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळू. फळी मूक नसते; ती सुचविते, मोह घालते, असा हा मुद्दा आहे. तो खोटा म्हणता येणार नाही. तंबाखूच्या बाबतीत तोच मुद्दा जगाने मान्य केला आहे. आइसलँडने २००१ मध्ये आणि आयर्लंडने २००९ मध्ये दुकानांतील सिगारेटची मांडणी दृष्टीआड केली. परंतु तेथे झाकण्याचे कारण अपाय हे आहे, लाज नव्हे. याच आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने संततिनियमनाच्या साधनांची विक्री व आयात बंद केली होती, आणि १९७९ नंतरही ती काही वर्षे वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळत नसत. म्हणजे एकाच देशाने एके काळी निरुपद्रवी वस्तू लपविली आणि पुढे उपद्रवी वस्तू लपविली. दोहोंमध्ये पडदा सारखाच. त्यामागील तर्क मात्र परस्परांहून सर्वस्वी भिन्न.

अमेरिकेत हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने संततिनियमनाच्या साधनांची जाहिरात व मांडणी औषधविक्रेत्यांनाही निषिद्ध केली होती. १९७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरविली. काही लोकांना संकोच वाटेल, हे दर्शन बंद करण्यास पुरेसे कारण नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने निरोधाच्या दूरचित्रवाणी जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ या वेळेपुरत्या मर्यादित करण्याची सूचना काढली, तीत मुलांवरील परिणामाचे कारण होते. त्या जाहिरातींतील दृश्यांविषयी ते कारण विचारार्ह आहे. येथेच वस्तू आणि वस्तूवरील चित्र यांचा भेद कामी येतो. वेष्टनावर स्त्रीदेहाचे उत्तान चित्र असेल, तर आक्षेप चित्रास घ्यावा. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा १९८६ चा कायदा त्यासाठी आहे. चित्राचा दोष वस्तूच्या माथी मारू नये.

५

आणखी एका गोष्टीकडे या वादात कोणाचेच लक्ष जात नाही. ती म्हणजे दुकानाची रचना. गिऱ्हाइकाने स्वतः फळीवरून वस्तू उचलावी, ही पद्धत १९१६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे सुरू झाली असे मानले जाते. त्यापूर्वी, आणि आपल्याकडील वाण्याच्या दुकानात आजही, वस्तू मागावी लागते. मागणे म्हणजे बोलणे. आणि बोलणे म्हणजे वाणी, त्याचा पोऱ्या आणि मागे उभे असलेले शेजारी यांना साक्षी ठेवणे. फळीवरून मुकाट्याने उचलण्यात ही साक्ष निम्म्याने कमी होते. म्हणून उघडी मांडणी ही अधिक निर्लज्ज आणि दुकानदाराच्या पाठीमागची बंद फळी ही अधिक सभ्य, ही समजूत व्यवहाराच्या कसोटीवर टिकत नाही. ज्याला लाज खरोखरीच जपावयाची आहे, त्याला उघडी फळीच अधिक सोयीची आहे.

या सोयीचे मोल कोणाला किती, हेही पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. निरोधाचा वापर ९.५ टक्के होता आणि पुरुष-नसबंदी अवघी ०.३ टक्के. या विषमतेची कारणे अनेक आहेत. केवळ दुकानातील मांडणीने ती दूर होणार नाही. पण जे साधन मागताना जीभ अडखळते, त्याचा भार शेवटी स्त्रीच्या देहावर पडतो, हे विसरून चालणार नाही. सॅनिटरी नॅपकिनही वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देण्याची आपली रीत आहे. तेथे तर कामविषयाचा लेशही नाही. यावरून दिसते की, लपविण्याचे मूळ कारण वस्तूच्या उपयोगात नसून ती वापरणारीच्या देहाविषयीच्या संकोचात आहे.

दुसऱ्या वर्गाच्या वस्तूंबाबत तर लपविण्याची किंमत आरोग्यानेही मोजावी लागते. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा वस्तूंच्या रचनेसाठी व सुरक्षिततेसाठी ३५३३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. परंतु जी वस्तू दुसऱ्याच नावाने विकली जाते, तिच्या गुणवत्तेविषयी गिऱ्हाइकाने कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत दाद मागावी? निनावी वस्तूला मानक लावता येत नाही.

६

या सर्व विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. वस्तू अश्लील आहे की नाही हा प्रश्न बाजूस ठेवून मांडणीचे औचित्य पाहावे. त्या दृष्टीने आजची रूढ मांडणी दोन्ही बाजूंनी चुकलेली आहे. निरोधाची पाकिटे अनेक दुकानांत पैसे देण्याच्या जागेजवळ, चॉकलेटांच्या शेजारी ठेवलेली असतात. म्हणजे जेथे रांग असते, मुले असतात आणि लाज सर्वाधिक असते, नेमकी तीच जागा निवडली जाते. व्यापाऱ्याचे प्रयोजन तेथे आयत्या वेळची खरेदी हे असते, औचित्य नव्हे. या वस्तूंची जागा आरोग्य व स्वच्छता यांच्या विभागात, मुलांच्या दृष्टीच्या पातळीहून वर, साध्या वेष्टनात आणि खऱ्या नावाने असावी. सुखसाधनांसही, कायदा स्पष्ट झाल्यावर, हाच नियम लागू व्हावा. वेगळी अंधारी खोली किंवा काळी पिशवी यांची आवश्यकता नाही. रंगीत झगमगाटाचीही नाही.

एक अडचण मात्र उरते, आणि ती भाषेची आहे. या वस्तूंसाठी मराठीत एकीकडे सरकारी संस्कृत आहे आणि दुसरीकडे शिवीच्या आसपासचे शब्द. मधली, घरात सहज बोलता येईल अशी भाषा नाही. कर्व्यांनी २६ वर्षे ती घडविण्याचा यत्न केला, आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या त्यांच्या उत्तरांत तिचे नमुने विखुरलेले आहेत. फळीवर वस्तू मांडणे दुकानदाराच्या हाती आहे. तिच्याखाली कोणते नाव लिहावे, हे मात्र भाषेच्या अभ्यासकांनी पाहावयाचे काम आहे. ‘समाजस्वास्थ्या’च्या अंकांतील शब्दसंपत्तीचा त्या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास व्हावा, असे सुचवून हे विवेचन येथे थांबवितो.