चित्राखाली नाव टाकलं, म्हणजे झालं?

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर वारली चित्र टाकायचंय? वारली शैली कुणा एकाची नाही. पण जिव्या सोमा म्हसे यांनी काढलेलं चित्र त्यांचंच. ते २०१८ मध्ये गेले. कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०७८ अखेरपर्यंत राहतो.

आजचे चित्रकार ऑनलाइन एवढंच लिहितात, 'नाव देऊन शेअर करा'. मला हा नियम अपुरा वाटतो. शेअर म्हणजे स्टेटसला लावणं, की छापणं? १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ संशोधनाला, समीक्षेला मोकळीक देतं. आत त्या चित्राच्या रेषांबद्दल लिहिलंत, तर चित्र तुमचा पुरावा. मुखपृष्ठावर मात्र ती निव्वळ सजावट, नाव दिलं तरी! तिथे परवानगीचा ईमेल हवाच. उत्तर येईपर्यंत आपलं काळं कव्हर, सोनेरी अक्षरं; भांडुपचा बाइंडिंगवालाही आधी तेच विचारतो.