‘असे म्हणतात’ : इंग्रजी शोधलेखन आणि विधानाचे कर्तृत्व

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनाचा विचार आपल्याकडे प्रायः व्याकरणाच्या अंगाने केला जातो. काळ चुकला, उपपद गळले, कर्ता-क्रियापदाची संगती बिघडली, अशा खुणांनी उत्तरपत्रिकेचा समास भरून जातो. या चुका खऱ्याच असतात. परंतु त्या दुरुस्त केल्यावर जे उरते ते अधिक विचार करायला लावणारे आहे. व्याकरणदृष्ट्या निर्दोष, शब्दसंख्येला पुरेसा, आणि तरीही ज्यात कोणीच काही म्हणत नाही असा परिच्छेद पदवीच्या आणि पदव्युत्तर वर्गांत विपुल आढळतो. येथे प्रश्न भाषिक शुद्धतेचा न राहता विधानाच्या कर्तृत्वाचा होतो. संहितेत बोलते कोण, हा समीक्षेने कथात्म वाङ्मयाला विचारलेला जुना प्रश्न विद्यार्थ्याच्या निबंधालाही विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

एक परिचित नमुना पाहू. ‘लिटरेचर इज द मिरर ऑफ सोसायटी’ हे पहिले वाक्य. पाठोपाठ लेखकाच्या जन्मसालाचे, मग पुरस्कारांचे. त्यानंतर कादंबरीचे कथानक. आणि शेवटी ‘धस, धिस नॉव्हेल इज अ ग्रेट नॉव्हेल’. हे लेखन विस्कळीत आहे असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः ते विस्कळीत नाही. त्याला स्वतःचा आकृतिबंध आहे. आरंभीचे आरशाचे वाक्य हे प्रतिपाद्य नव्हे, ती नांदी आहे. चरित्रपर वाक्ये हा लेखकाला केलेला नमस्कार आहे. आणि ‘धस’ हे अनुमानाचे चिन्ह नसून समारोपाची टाळी आहे. शालेय मराठी निबंधातून आणि गौरवपर भाषणांतून उचललेला हा संकेतव्यूह विद्यार्थ्याने इमानाने इंग्रजीत नेला आहे. त्याला ‘प्रतिपाद्य विधान आधी लिही’ असे सांगितले, की तो आरशाच्या वाक्याकडेच बोट दाखवतो. त्याच्या दृष्टीने ते लिहून झालेले असते.

याहून सूक्ष्म गोष्ट ‘असे’ या शब्दाची आहे. मराठीत दुसऱ्याचे म्हणणे सांगण्याच्या दोन रीती आहेत. ‘ते म्हणतात की...’ या रीतीत बोलणारा आधी येतो. दुसऱ्या रीतीत म्हणणे आधी येते आणि शेवटी ‘असे ते म्हणतात’ म्हणून त्याची मालकी सांगितली जाते. या दुसऱ्या रीतीचे सामर्थ्य असे, की सात-आठ वाक्यांचा परिच्छेद लिहून अखेरीस ‘असे या समीक्षकाचे म्हणणे आहे’ एवढे म्हटले तरी तो ‘असे’ मागे वळून सगळी वाक्ये कवेत घेतो. मराठी वाचकाला त्यात काही गैर वाटत नाही. इंग्रजी शोधलेखनात मात्र परिच्छेदाच्या शेवटी आलेल्या नावाला इतका मागे पोचणारा हात नाही. तेथे मालकी आरंभीच, आणि लांब परिच्छेदात पुनःपुन्हा, सांगावी लागते. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारा विद्यार्थी परक्या समीक्षकाचे म्हणणे मांडत जातो आणि अखेरच्या ‘असे’ला इंग्रजीत जागा सापडली नाही की ते गळून पडते. म्हणणे उरते, म्हणणारा नाहीसा होतो.

या गळतीची किंमत आता बरीच वाढली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहाच्या पुढे चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित संहिता सादर करावी लागते. त्यापुढे शिक्षा अधिक कडक होत जाते. नियम आवश्यकच होते. जाणूनबुजून केलेल्या उचलेगिरीबद्दल प्रस्तुत लेखकाला यत्किंचितही सहानुभूती नाही. परंतु साम्य मोजणाऱ्या यंत्राला शब्दांची जुळणी दिसते, गळलेला ‘असे’ दिसत नाही. चोरी आणि वाक्यरचनेतील हे स्थित्यंतर यांतला भेद शिक्षकानेच करावयाचा असतो, आणि त्यासाठी त्याला मराठी वाक्याची घडण ठाऊक असावी लागते.

येथे रॉबर्ट काप्लान यांच्या १९६६ मधील बहुचर्चित लेखाची आठवण होते. निरनिराळ्या भाषिक समूहांच्या परिच्छेदरचनेच्या त्यांनी आकृत्याच काढल्या : इंग्रजीची सरळ रेषा, ‘पौर्वात्यां’चे आत वळत जाणारे वर्तुळ. विद्यार्थ्याच्या लेखनामागे केवळ अज्ञान नसून एक रीत असते, हे त्यांनी दाखवले, हे त्यांचे श्रेय. पण साऱ्या पूर्वेला एका वर्तुळात बसवणे ही मांडणी नव्हे, व्यंगचित्र झाले; पुढे स्वतः काप्लान यांनीही तिला मुरड घातली.

मराठीपुरते बोलायचे तर हे वर्तुळ तेराव्या शतकातच मोडते. केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची घडण त्रिपदी आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी त्याचा अर्थ सूत्राला लावून दाखवणारे दार्ष्टांतिक. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात परिच्छेदाचा जो साचा आज नवलाईने शिकवला जातो, तो याहून फारसा वेगळा नाही. मात्र एवढ्यावर हुरळून जाणे हा देशीवादाचा स्वस्त प्रकार होईल. ‘दृष्टांतपाठा’तील सूत्र हे चक्रधरांचे वचन आहे. दृष्टांत ते उलगडतो, त्याची परीक्षा घेत नाही. शोधलेखनातील विधान खोटे ठरण्याची जोखीम पत्करून उभे असते. आकार सारखा असूनही ज्ञानव्यवहार वेगळा आहे, हे विद्यार्थ्याला सांगितले नाही तर तो समीक्षकाच्या वचनाचे सूत्र करील आणि कादंबरीचा दृष्टांत. पुष्कळदा नेमके हेच घडते.

जोखमीचे विधान मराठीत नाही काय? ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध या दृष्टीने वाचावा. स्त्रियांवर लादले जाणारे दोष ताराबाई एकेक करून हाती घेतात आणि तेच दोष पुरुषांत कसे आहेत हे दाखवून आरोप आरोपकर्त्यावर उलटवतात. पूर्वपक्ष प्रतिपक्षाचा आहे हे येथे क्षणभरही विसरले जात नाही. म्हणणारा कोण आणि खोडणारी कोण, याबद्दल वाचकाचा गोंधळ होत नाही. भाषा रोखठोक, प्रसंगी शिवराळपणाकडे झुकणारी. शोधनिबंधाच्या शिष्टाचारात न बसणारी. पण कर्तृत्वाचा धडा म्हणून तिच्या तोडीचे लेखन इंग्रजीच्या अभ्यासक्रमात शोधूनच काढावे लागेल.

आणि लेखी परंपरा दूर राहो, तोंडी परंपरा जिवंत आहे. शिवाजी पेठेत शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्यानंतर तालमीच्या कट्ट्यावर जे वाद रंगतात, त्यांत आमचाच विद्यार्थी असतो. ‘तू मॅच बघितलीस काय?’ हा तेथला पहिला प्रश्न, आणि तो साधनाविषयीचा प्रश्न आहे. ऐकीव माहितीवर बोलणाऱ्याला कट्टा बोलू देत नाही. पंचाचा निर्णय, मैदानाची स्थिती, मागच्या हंगामाचा दाखला असे पुरावे येतात. ‘गोल चुकला खरा, पण पास कुणाचा होता?’ अशी विधानाला मर्यादाही घातली जाते. दुसऱ्या दिवशी कागदापुढे बसला की तोच मुलगा ‘इट इज सेड दॅट’ या कर्तृहीन रचनेच्या आडोशाला जातो.

याचे कारण भित्रेपणा नव्हे, रीतभात आहे. जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची जी चाल उलगडून दाखवली, तिच्यात आधी क्षेत्राची पाहणी, मग पूर्वसूरींनी सोडलेली उणीव, मग त्या उणिवेत आपली जागा, असा क्रम आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले तेव्हापासून कोल्हापूर हे घराण्यात प्रथमच शिकणाऱ्यांचे गाव आहे. राधानगरी-शाहूवाडीकडून आजही अशी मुले येतात. ज्यांच्या नावामागून ‘सर’ लावल्यावाचून राहवत नाही, त्यांच्या ग्रंथात उणीव आहे असे लिहिणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. ही अडचण इंग्रजीची नाही. तीच मुले मराठीतही तसेच लिहितात.

आणि येथे बोट आपल्याकडे, मराठी विभागांकडे वळते. एम. ए. च्या वर्गात साहित्यसिद्धान्त शिकवतो. पण अवतरण कोठे संपते, आपले म्हणणे कोठे सुरू होते, ‘आहे’ केव्हा आणि ‘असावे’ केव्हा, याचा तास आपल्या वेळापत्रकात नसतो. ‘असावे’, ‘दिसते’, ‘म्हणता येईल’ अशा छटांची मराठीत रेलचेल आहे. तरीही इंग्रजीत ‘प्रूव्हज’वाचून विद्यार्थ्याचे पान हलत नाही, कारण या छटांचे शोधलेखनातले मोल त्याला मराठीतच कोणी सांगितलेले नसते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ मराठीत लिहिले आणि १९६९ मध्ये त्याचे इंग्रजी रूपही स्वतःच सिद्ध केले. दोन्ही भाषांत विधान त्यांचेच राहिले, कारण ते पहिल्या भाषेत उभे होते. इंग्रजीच्या प्राध्यापकाने शून्यातून विधान उभे करावे ही अपेक्षा आपण किती काळ करणार?

एक प्रयोग करण्याजोगा आहे. ताराबाईंच्या निबंधातील दोन पाने द्यावीत, आरोपकर्त्याची वाक्ये एका शाईने आणि लेखिकेची दुसऱ्या शाईने अधोरेखित करून घ्यावीत, आणि मग तोच उतारा प्रत्येक म्हणण्याचा धनी वाक्याच्या आरंभी ठेवून इंग्रजीत मांडायला सांगावा. यासाठी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही विभागांच्या शिक्षकांना एकाच वर्गात उभे राहावे लागेल. वेळापत्रकात तशी सोय नाही. आणि अशा उताऱ्याला गुण कोणत्या विषयात धरायचे, हा प्रश्न अभ्यासमंडळांपुढे ठेवावाच लागेल.