आवलीला नास्तिक म्हणू नका



सज्जनहो, कोणी देव मानतो, कोणी मानत नाही, असे का? याचे उत्तर आम्ही कीर्तनकार फार लवकर देतो. पूर्वपुण्याई असेल तर श्रद्धा, नसेल तर संशय, असे म्हणायचे आणि पुढच्या चरणाकडे वळायचे. हे उत्तर अपुरे आहे, हे मला सत्तरीनंतर एका नाटकाने दाखविले. नातवाने हट्ट करून नेले म्हणून गेलो. प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’. ते २०१७ साली रंगभूमीवर आले आणि त्याला पुढे साहित्य अकादमीचा २०२० चा युवा पुरस्कार मिळाला.

मूळ कथा आपल्या परंपरेतलीच. भंडारा डोंगरावर तुकोबांसाठी भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि प्रत्यक्ष पांडुरंग तो काढतात. नाटककार पुढची कल्पना करतो. देवाच्या सांगण्यावरून रखुमाई ‘लखुबाई’ होऊन आवलीच्या घरी येते आणि तिची शुश्रूषा करते. पात्रे दोनच. एक विठ्ठलाला बोल लावते. दुसरी त्याच विठ्ठलावर रुसलेली त्याची राणी, ती ते ऐकते. आवलीला ठाऊक नाही की आपण कोणापुढे बोलतो आहोत. ऐकणारीला मात्र तिच्या रागात स्वतःचेच दुःख सापडत जाते. या योजनेत नाटकाचे सारे बळ आहे. आवलीचे बोलणे खोडून काढायला रंगमंचावर कोणीच नाही. देवी स्वतः तिचा पाय मांडीवर घेऊन बसली आहे.

श्रोतेहो, येथे मला माझी चूक आठवली. कित्येक वर्षे मी कीर्तनात आवलीचे सोंग काढले. आवाज चढवायचा, हात नाचवायचे, मंडप हसायचा. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशीच परतलेली एक माय एका चैत्री सप्ताहात काल्यानंतर पाया पडायला आली. म्हणाली, “महाराज, आवलीला लई हसलो आमी. पर त्या दिशी तिच्या घरात पीठ व्हतं का, ते न्हाई सांगितलं तुमी.” मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला. उत्तर नव्हते. ते सोंग मात्र त्यानंतरही मी काही वर्षे काढीतच राहिलो. टाळ्यांची सवय वाईट.

आता सिद्धांत पाहू. सन १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ एकाच घरावर आला. तुकोबांची थोरली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्याच दुःखातून तुकोबा पडके देऊळ बांधायला निघाले, सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडली. आणि त्याच घरात आवलीने विठ्ठलाशी भांडण मांडले. दुष्काळ एक, वाटा दोन. म्हणजे नुसत्या दुःखाने कोणी आस्तिक होत नाही, की नास्तिक होत नाही. एकाला डोंगर मिळाला. दुसरीच्या वाट्याला चूल आणि लेकरे राहिली. आम्ही पहिल्याचा विश्वास सांगितला, पण त्या विश्वासाची भाकरी कोणी थापली, हे सांगितले नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात मी विशीत होतो. खडी फोडायला गेलेली माणसे संध्याकाळी हरिपाठाला बसत. काही बसणे सोडूनही गेली. सोडणाऱ्यांना कोणी ग्रंथ दाखवून फिरविले नव्हते. ‘आमच्याकडे कोणी पाहत नाही’ एवढेच त्यांचे प्रमाण होते.

नाटकाविषयी माझा एक आक्षेप आहे. तुकोबा त्यात रंगमंचावर येत नाहीत. त्यामुळे त्याच दुष्काळाने पोळलेल्या त्या पुरुषाची बाजू प्रेक्षकाने घरून आणावी लागते. ज्याच्यापाशी ती नाही, तो डोंगरावरच्या माणसाला नुसता बेफिकीर समजून बसेल. वस्तुतः देवाशी भांडण्यात तुकोबाही मागे नाहीत, आणि जनाबाई, चोखोबाही नाहीत. परंतु हा दोष एकट्या नाटकाच्या माथी का मारावा? आम्ही गादीवरून उभा जन्म एकाच बाजूचे बोललो. नाटकाने दुसरी बाजू धरली. दोन्ही एकत्र ठेवा म्हणजे ते घर पूर्ण दिसते.

आणि आवलीला नास्तिक म्हणू नका. जो नाही, त्याच्याशी कोणी रोज भांडत नाही. ज्याने पाठ फिरविली, तो गप्प होतो. भांडणाऱ्याचे दार अजून उघडे असते.

तेव्हा माउली, तुमच्या घरातले कोणी देव मानत नसेल, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याचा पाय पाहा. पांडुरंगाने आवलीला एक शब्दही समजावून सांगितला नाही. काटा काढला.

रामकृष्णहरी.