पाळकाचे घर आणि 'स्मृतिचित्रे'

'स्मृतिचित्रे'तील दुरावा म्हटला की अभ्यासकांची नजर १८९५ ते १९०० या वर्षांकडे वळते. फेब्रुवारी १८९५मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आप्तांच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या आणि १९००मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या कथेत संकट आहे, समेट आहे. म्हणून ती पाठ्यपुस्तकांना सोयीची. परंतु या विवाहावरचा अधिक दीर्घ ताण समेटानंतर सुरू होतो. तो धर्मभेदाचा नसून धर्मसेवेचा आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

धर्मभेदाच्या पेचाला कायद्याने निदान एक वाट ठेवली होती. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस विवाहविच्छेद मागण्याची मुभा १८६६च्या अधिनियमाने दिली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते पत्नीची प्रतीक्षा करीत राहिले. ही निष्ठा थोर खरीच. पण पाच वर्षे कळ काढणारा हाच पुरुष पुढे हाती आलेला पैसा दारी आलेल्याच्या ओंजळीत घालतो, न विचारता घरात नवी माणसे आणतो, आणि त्यांच्या भाकरी कोणी थापावयाच्या हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. वेतन एकाला, काम दोघांना, अशी ही व्यवस्था. पाळकाची पत्नी म्हणून तिला पद नव्हते. तरी तिचे स्वयंपाकघर आणि तिची झोपदेखील मंडळीच्या मालकीची.

लक्ष्मीबाई हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, आणि येथेच आपली समीक्षा फसली. त्यांच्या विनोदाचे आपण इतके कौतुक केले की त्याखालचा जमाखर्च वाचावयाचा राहिला. टिळकांच्या औदार्याचे प्रसंग त्या रंगवून सांगतात. पण त्यांतून घरच्या ओढाताणीचा हिशेब सुटत नाही. ही केवळ गृहिणीची काटकसरी नजर नव्हे, ती निवेदनाची पद्धतीच आहे. पतीचा उल्लेख त्या 'टिळक' असा करतात. पतीचे नाव न घेण्याचा तत्कालीन संकेत त्यामागे आहेच. परंतु ग्रंथाच्या ओघात त्या आडनावाला दुसरा अर्थ चढत जातो. घरातला माणूस आणि जगाचा माणूस यांतील अंतर तो शब्द मोजू लागतो.

१९१७मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे जाणाऱ्या कवीची ही स्वाभाविक परिणती होय, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. एतद्देशीय ख्रिस्ती मंडळी परक्या पैशावर पोसली जाऊ नये, ही तळमळ खोटी नव्हती. मात्र वेतन सुटले म्हणून चूल सुटत नाही. रोमन कॅथलिक परंपरेने हा पेच धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याने टाळला. प्रॉटेस्टंट मिशनने पाळकाचा संसार हाच समाजापुढे आदर्श म्हणून ठेवला. आणि टिळकांच्या ठायी असलेली वैराग्याची अस्सल देशी ओढ नेमकी त्या आदर्शावर येऊन आदळली. दोन परंपरांच्या या संघर्षाची झळ लक्ष्मीबाईंना लागली. टिळकांच्या चरित्रांपेक्षा 'स्मृतिचित्रे' मला मोठे वाटते ते यामुळे.

मराठीबाहेरच्या वाचकाची एक अडचण वेगळी. १९५०मध्ये इंग्रजी अनुवाद झाला तो 'आय फॉलो आफ्टर' या नावाने, म्हणजे 'मी मागोमाग येते'. त्यात बायबलचा प्रतिध्वनी असेल. पण मूळ शीर्षकात नसलेला एक निकाल ते वाचकाच्या हाती आधीच ठेवते. टिळक १९१९मध्ये वारले तेव्हा 'ख्रिस्तायना'चे अवघे अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३८मध्ये तो ग्रंथ निघाला, तेव्हा त्याही हयात नव्हत्या. अनुवादाच्या शीर्षकाने केलेले त्यांचे वर्णन या ग्रंथासमोर ठेवून पुन्हा तपासावे लागेल.