नेत्याचे डोळे आणि संस्थेची दृष्टी

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाकडे मानवतावादाचे आख्यान म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती दंडसत्तेतील नेतृत्वाची मीमांसाही आहे. ग. दि. माडगूळकर यांच्या या कथेस औंध संस्थानातील आटपाडीनजीकच्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीचा आधार आहे. शांतारामांचा जन्म कोल्हापूरचा, आणि त्या शहराचे मध्यवर्ती कारागृह कळंब्यास. तेव्हा निदान या परिसरात तरी ही कृती त्या दृष्टीने तपासली जावी.

आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना बेड्यांवाचून ओसाड माळावर नेतो. तेथे भिंत नाही. आहेत ते केवळ त्याचे डोळे. मराठीत ‘पाळत’, ‘देखरेख’ आणि ‘चाड’ हे तीन शब्द येथे उद्बोधक ठरतात. पाळत संशयितावर ठेवली जाते. देखरेखीत सांभाळ अभिप्रेत असतो. चाड मात्र बाहेरून लादता येत नाही, ती ज्याची त्यालाच असावी लागते. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचा प्रवास घडविणे हेच नेतृत्वाचे कार्य होय, असे चित्रपट सुचवितो. हे त्याचे मोठे यश.

त्याची उणीवही येथेच आहे. आदिनाथाच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी कोण येणार, हा प्रश्न चित्रपट भावनेच्या भरात ओलांडून जातो. पोलीस खात्यात मुख्य प्रश्न तोच असतो. अधीक्षकाची बदली झाल्यावर ठाण्यातील शिपाई तक्रारदाराशी पूर्वीप्रमाणेच सौजन्याने वागतो काय, यावरूनच अधीक्षकाच्या दूरदृष्टीचे मोल ठरते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस महासंचालकांपासून ठाणेप्रमुखापर्यंत किमान दोन वर्षांचा कार्यकाल असावा, असा निर्देश दिला. त्यामागील विचार योग्यच आहे. परंतु कार्यकालाने अवधी मिळतो, चाड मिळत नाही. उलट, अवधीवाचून चाडही रुजत नाही. व्यक्तीचे शील आणि संस्थेचा नियम यांपैकी एकावरच भिस्त ठेवणे म्हणूनच अपुरे होय.

या बाबतीत वास्तव कथेच्या पुढे गेले आहे. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. स्वतंत्रपूरची वसाहत मात्र पुढे राज्याच्या कारागृह व्यवस्थेत टिकून राहिली. चित्रपटात डोळे उरतात; स्वतंत्रपुरात व्यवस्था उरली. नेतृत्वाची कसोटी दुसऱ्या प्रकारच्या उरण्यातच आहे.